गावाच्या हद्दीतील सर्व्हर

जालन्याहून मेहकरकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर सिंदखेड राजा मागे टाकून पुढे आले, की दुसरबीड लागते. तालुका जिजाऊसाहेबांच्या जन्मस्थानाचा, जिल्हा बुलढाणा, मुलूख वऱ्हाडचा. शिवारात कापूस, सोयाबीन आणि तूर, आणि शेतीची भिस्त बव्हंशी पावसावर. जिजामाता सहकारी साखर कारखान्यामुळे या गावाचे नाव एके काळी जिल्हाभर झाले होते. तो कारखाना बंद पडला, आणि त्यानंतर काही वर्षांनी नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग याच परिसरातून गेला. ७०१ किलोमीटरांचा हा मार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूरपासून शिर्डीपर्यंत, आणि ५ जून २०२५ रोजी थेट ठाणे जिल्ह्यापर्यंत रहदारीस खुला झाला. माणसांना आणि मालाला राजधानीकडे नेणारी वाट अशी प्रशस्त झाली असताना, ज्याला गावात राहूनच शिकायचे अथवा काम करायचे आहे त्याच्यासाठी कोणती वाट आहे, हा प्रश्न मला गेली काही वर्षे अस्वस्थ करीत आला आहे. आणि त्याचे एक उत्तर सर्व्हरच्या आभासीकरणात, म्हणजे एका बलवान संगणकाच्या पोटी अनेक स्वतंत्र संगणक नांदविण्याच्या विद्येत आहे, असे माझे मत झाले आहे.

या प्रश्नाला तोंड फुटले ते २०२० च्या मार्च महिन्यात. २२ तारखेची जनता संचारबंदी आणि २५ पासूनची देशव्यापी टाळेबंदी यांच्या आगेमागे पुणे, नागपूर, अमरावती येथील वसतिगृहे रिकामी झाली आणि वऱ्हाडातील मुले आपापल्या गावी परतली. शालेय वयाच्या मुलांसाठी सरकारने आणि संस्थांनी जे हाती होते त्याचा उपयोग केला: केंद्राचे दीक्षा हे व्यासपीठ २०१७ पासून होतेच, स्वयंप्रभा वाहिन्या होत्या, आणि जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सुरू झाली, तिने ज्या घरांत इंटरनेट नव्हते तेथेही धडा पोहोचविला. परंतु अभियांत्रिकीच्या, संगणकशास्त्राच्या किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्याची अडचण निराळ्या जातीची होती. व्याख्यान ऐकण्यास मोबाईल पुरतो. आज्ञावली लिहून ती चालवून पाहण्यास, यंत्रभागाचे आरेखन करण्यास, विद्युत्-मंडलाची सिद्धता तपासण्यास तो पुरत नाही. ज्या संगणकावर हे सर्व होत असे, तो संगणक महाविद्यालयाच्या कुलूपबंद प्रयोगशाळेत, वीज असून, जोडणी असून, निष्क्रिय बसलेला होता. आणि ज्याला त्याची निकड होती तो मुलगा शेकडो किलोमीटर दूर, घराच्या ओट्यावर मोबाईलचा पडदा न्याहाळीत बसला होता. यंत्रे होती, विद्यार्थी होता, शिक्षकही होता; त्या तिघांना एकत्र आणणारी व्यवस्था तेवढी नव्हती. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे येतात. या पाचही जिल्ह्यांतील किती विद्यार्थ्यांची ती प्रात्यक्षिके कागदावर लिहून पुरी झाली असतील, याचा विचार केला म्हणजे मन विषण्ण होते.

आभासीकरण म्हणजे काय, हे सांगण्यास जुन्या पुण्यातील वाड्याचा दाखला सोयीचा आहे. वाडा एक, जोते एक, आड एक. परंतु आत दहा बिऱ्हाडे, प्रत्येकाचे दार स्वतंत्र, प्रत्येकाचे कुलूप स्वतंत्र, आणि एकाच्या घरात काय शिजते याची दुसऱ्याला वार्ता नाही. पाणी कोणी केव्हा भरावे, जिना कोणी वापरावा याचा बंदोबस्त वाड्याचा कारभारी ठेवतो. सर्व्हरमध्ये हे काम हायपरव्हायजर नावाची आज्ञावली करते: प्रोसेसरचा वेळ, स्मृती आणि साठवण यांची वाटणी करून ती प्रत्येक आभासी यंत्राला असा भास उत्पन्न करून देते, की हा संपूर्ण संगणक आपल्या एकट्याच्या मालकीचा आहे. एका आभासी यंत्रात विंडोज, शेजारच्या यंत्रात लिनक्स, तिसऱ्यात परीक्षेची आज्ञावली, अशी भिन्न प्रकृतीची यंत्रे एकाच लोखंडी पेटीत सुखाने राहतात, आणि त्यांतील एक कोसळले तरी इतरांना धक्का लागत नाही. असे यंत्र दुरून उघडले, तर वापरणाऱ्यासमोर जो पडदा असतो त्यावर केवळ चित्र येते. त्याने दाबलेली कळ आणि हलविलेला माऊस तेवढे सर्व्हरकडे जातात. म्हणून त्याच्या हातातील यंत्र दहा वर्षांपूर्वीचे असले तरी चालते.

ही कल्पना अलीकडची आहे असा पुष्कळांचा समज आहे, आणि तो दूर होणे इष्ट आहे. आयबीएम कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील विज्ञानकेंद्रात १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यावर सीपी-४० नावाची प्रणाली रचली गेली. १९६७ च्या प्रारंभी ती उपयोगात होती आणि एका यंत्रावर १४ आभासी यंत्रे चालवीत असे. १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली ग्राहकांसाठी जाहीर केली. संगणक अतिशय महाग असल्यामुळे एकाच यंत्रावर अनेकांनी काम करणे ही त्या काळाची गरजच होती. आपल्याकडे याहून बिकट स्थिती होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा देशभरातील विद्यापीठांची आणि संस्थांची कामे त्या एका यंत्राकडे येत. छिद्रे पाडलेल्या पत्त्यांचे गठ्ठे मुंबईस जात आणि तेथून छापील उत्तरे परत येत. दूर बसून एका मोठ्या यंत्राचा उपयोग करण्याची आपल्या देशातील परंपरा अशी साठ वर्षांची आहे. त्या काळी तिला आगगाडीच्या गतीची मर्यादा होती, एवढेच.

पुढे वैयक्तिक संगणक स्वस्त झाले आणि ही विद्या काही काळ मागे पडली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने ती साध्या प्रोसेसरांवर आणून दाखविली. २००३ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातून झेन ही मुक्त प्रणाली बाहेर आली. २००५ च्या अखेरीपासून इंटेलने आणि त्यापाठोपाठ एएमडीने प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय केली. आणि फेब्रुवारी २००७ मध्ये केव्हीएम हा घटक लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला. या शेवटच्या घटनेचे महत्त्व मला विशेष वाटते, कारण त्या दिवसापासून साध्या लिनक्सवरच कोणत्याही शाळेला, कोणाचीही परवानगी न मागता आणि परवान्याचा एक रुपयाही न भरता, आपल्या संगणकात अनेक संगणक निर्माण करण्याची मुभा मिळाली. केव्हीएम ज्या कंपनीत जन्मले ती रेड हॅटने २००८ मध्ये विकत घेतली, आणि रेड हॅटची एक मोठी कचेरी पुण्यात आहे. व्हीएमवेअरनेही पुण्यात आपले संशोधनकेंद्र उभारले होते. हे ज्ञान महाराष्ट्राला परके नाही. पुण्याच्या मगरपट्ट्यात ते नित्य व्यवहाराचे आहे, आणि तेथून सिंदखेड राजा तालुक्यापर्यंत येण्यास त्याला अद्याप वाट सापडलेली नाही.

नोकरीच्या क्षेत्रात टाळेबंदीने काय घडविले, तेही येथे नमूद केले पाहिजे. माहिती-तंत्रज्ञान व दूरध्वनी-सेवा केंद्रांसाठी दूरसंचार विभागाचे जे नियम होते, त्यांत घरून काम करण्यास अनामत रकमेपासून विशिष्ट प्रकारच्या जोडणीपर्यंत अनेक अटी होत्या. मार्च २०२० च्या मध्यास त्या तात्पुरत्या शिथिल झाल्या, मुदत वेळोवेळी वाढत गेली, आणि ५ नोव्हेंबर २०२० रोजी बहुतेक अटी कायमच्या रद्द करण्यात आल्या. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यांत पुण्यातील कंपन्यांनी कचेरीतील संगणक उचलून कर्मचाऱ्यांच्या घरी पोहोचते केले. ज्यांच्यापाशी आभासी मेजाची, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या आणि कोठूनही उघडता येणाऱ्या संगणकाची व्यवस्था आधीपासून होती, त्यांना हे करावे लागले नाही: ग्राहकाची गुप्त माहिती सर्व्हरवरच राहिली आणि कर्मचाऱ्याच्या घरी गेले ते फक्त तिचे दर्शन. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने एप्रिल २०२० मध्ये असे जाहीर केले, की २०२५ पर्यंत एका वेळी केवळ २५ टक्के कर्मचाऱ्यांनाच कचेरीत येण्याची आवश्यकता राहील. पुढे २०२३ मध्ये त्याच कंपनीने कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत बोलाविले. धोरणे बदलतात, आणि त्यांना कारणेही असतात. परंतु वऱ्हाडातील एखाद्या गावी बसून पुण्याच्या कंपनीचे काम निर्वेधपणे करता येते हे त्या काळात सिद्ध झाले. गावात घालविलेला तो काळ कित्येक घरांना आर्थिकदृष्ट्याही मानवला, कारण शहरातील भाडे वाचत होते आणि पेरणीच्या दिवसांत घरी हात मिळत होते.

विद्येच्या क्षेत्रातील जे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते ते मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे आहे, आणि ते टाळेबंदीच्या कितीतरी आधीचे आहे. केंद्र सरकारच्या २००९ मध्ये सुरू झालेल्या शिक्षणविषयक माहिती-तंत्रज्ञान मोहिमेत अनेक संस्थांनी मिळून आभासी प्रयोगशाळा उभारल्या. त्याच मोहिमेच्या आश्रयाने प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली संस्थेच्या पवई येथील आवारात एक लहानसे उपकरण बनविले गेले: एक तापणारी तार, एक पंखा, उष्णता मोजणारा एक संवेदक, आणि हे सर्व एकाच पाटीवर बसविलेले. अशी अनेक उपकरणे संस्थेत मांडून ठेवलेली. विद्यार्थ्याने आपल्या गावातून वेळ आरक्षित करावी, सायलॅब या मुक्त आज्ञावलीत आपले नियंत्रणसूत्र लिहावे, आणि पवईतील खरीखुरी तार आपल्या सूत्राप्रमाणे तापते अथवा निवते हे आकड्यांत पाहावे. वेळ मध्यरात्रीचीही घेता येते, कारण उपकरणाला विश्रांतीची गरज नाही. याच चमूच्या फॉसी प्रकल्पाने पुढे सायलॅब थेट ब्राउझरमध्ये चालेल अशी सोय केली, म्हणजे विद्यार्थ्याच्या यंत्रावर काहीही बसवावे लागू नये. गणित मुंबईच्या सर्व्हरवर होते आणि आलेख गावी उमटतो. शिकविण्याचे चलच्चित्र पाठविणे आणि करून पाहण्याचे साधन पाठविणे यांतील महदंतर या प्रयोगाने ओळखले होते, आणि म्हणून तो मला आपल्या काळातील शिक्षणविषयक कार्यांत अग्रगण्य वाटतो.

मग दुसरबीडसारख्या गावांसाठी मुंबईचा सर्व्हर पुरेसा नाही काय? अंतराचा अडथळा म्हणावा, तर तो मुळीच नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो; मुंबईपर्यंतचा तंतू वळणे घेत पाचशे किलोमीटर लांब मानला, तरी जाऊन येण्यास एका सेकंदाचा दोनशेवा भाग लागतो, आणि मानवी बोटाला तो जाणवतही नाही. अडथळा आहे तो वाटेतील खंडाचा. राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी ऑक्टोबर २०११ मध्ये मिळाली, २०१५ पासून त्याला भारतनेट म्हणू लागले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच्या सुधारित कार्यक्रमासाठी १,३९,५७९ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. एवढ्या प्रचंड उद्योगानंतरही तंतू ग्रामपंचायतीच्या इमारतीपर्यंत पोहोचणे आणि तो बारा महिने जिवंत राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्ता रुंद करणाऱ्या यंत्राने तो तुटतो, वीज गेली की त्याच्या टोकाची पेटी मूक होते, आणि दुरुस्ती करणारा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणाहून यावा लागतो. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे शब्द सातबाऱ्याच्या किंवा दाखल्याच्या निमित्ताने कोणत्याही तालुक्यातील शेतकऱ्याने ऐकलेले असतात. त्यांतील अनेक वेळा सर्व्हर ठणठणीत असतो आणि वाटच खंडित झालेली असते.

बुलढाणा जिल्ह्याला वाटेची प्रतीक्षा नवी नाही. खामगावला आगगाडीचा फाटा १८७० मध्येच आला, कारण तेथील कापूस मुंबईमार्गे विलायतेच्या गिरण्यांना हवा होता. परंतु खामगाव ते जालना या लोहमार्गाची मागणी, जी या जिल्ह्यातील रयतेची स्वतःची मागणी आहे, ती शंभर वर्षांहून अधिक काळ प्रलंबित राहिली. जिल्ह्यातून काय न्यायचे आहे यावरून पूर्वी वाटा ठरल्या. नव्या वाटांचा विचार करताना जिल्ह्यात काय ठेवायचे आहे, हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे; आणि माझी धारणा अशी आहे, की त्या ठेवण्याच्या वस्तूंत एक सर्व्हर असावा, जो तालुक्याच्या, किंबहुना गावाच्या हद्दीत राहील आणि बाहेरची जोडणी तुटली तरी आपले काम करीत राहील.

माध्यमिक शाळेपासून आरंभ करावा. ज्यांनी आपल्या शाळांचे संगणककक्ष पाहिले आहेत त्यांना तेथील दृश्य परिचित असेल: खिडक्या बंद, संगणकांवर कापडी आच्छादने, दाराला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. याचा दोष मुख्याध्यापकांना देणे अन्यायाचे होईल. प्रत्येक संगणक जडवस्तू संग्रह नोंदवहीत क्रमांकासह चढलेला असतो, तो बिघडला तर जाब द्यावा लागतो, आणि निकामी झालेल्या वस्तूचे निर्लेखन करून घेणे ही वर्षानुवर्षे चालणारी कागदपत्रांची यातायात असते. ज्या वस्तूच्या नाशाची जबाबदारी एका माणसाच्या शिरावर आहे, ती वस्तू तो मुलांच्या हाती निःशंकपणे कशी देईल? परिणामी संगणक शिकण्याचा जो एकमेव खरा मार्ग, म्हणजे तो बिघडवून पाहण्याचा, तोच आपल्या शाळांत निषिद्ध ठरला.

आभासी यंत्र या भयातून शाळेला सोडविते. ते नोंदवहीत चढत नाही. त्याची जी स्थिती आज सकाळी होती ती जपून ठेवता येते, आणि विद्यार्थ्याने त्याची धूळधाण केली तरी काही क्षणांत ती पूर्ववत् करता येते. मुलीने प्रणालीच्या मूळ धारिका पुसून टाकल्या, मुलाने जाळ्याची मांडणी उलटीसुलटी केली, कोणी विषाणू आणला, तरी यंत्रांची जाळी एकमेकांपासून वेगळी राखली असली, की शेजारच्या यंत्राला त्याची बाधा नाही आणि दुसऱ्या तासाच्या वर्गाला निर्मळ यंत्र तयार. चूक करण्याचा अधिकार श्रीमंत घरातील मुलाला स्वतःच्या लॅपटॉपवर नेहमीच होता. तो दुसरबीडच्या शाळेतील मुलाला मिळावा, एवढ्या एका कारणासाठीदेखील ही व्यवस्था उभी करणे मला आवश्यक वाटते.

हिशेब अवघड नाही. वीस मुलांचा वर्ग धरला आणि प्रत्येकाच्या लिनक्स यंत्राला दोन जीबी स्मृती दिली, तर चाळीस जीबी लागते. चौसष्ट जीबी स्मृतीचा सर्व्हर घेतला तर कारभारासाठी पुरेशी उरते. त्यातच, वीसही यंत्रांत जी पृष्ठे हुबेहूब सारखी असतात ती एकदाच साठविण्याची युक्ती लिनक्समध्ये २००९ पासून आहे, त्यामुळे प्रत्यक्ष खर्च याहून कमी होतो. साठवणीचेही तेच: वीस जीबीची एक मूळ प्रत ठेवावी आणि प्रत्येक विद्यार्थ्याने केलेले बदल तेवढे वेगळे लिहावेत, बदल दोन-दोन जीबींचे धरले तर चारशे जीबींच्या जागी साठ जीबींत काम भागते. मुलांच्या पुढ्यात शाळेचे जुने संगणकच ठेवावेत, कारण त्यांनी आता केवळ पडदा दाखवायचा आहे. प्रॉक्समॉक्ससारखी मुक्त प्रणाली या सर्वांचा कारभार ब्राउझरमधून करू देते, आणि अपाची ग्वाकामोली ही आज्ञावली वापरली तर विद्यार्थ्याच्या बाजूस ब्राउझरशिवाय काहीच लागत नाही. एकाच यंत्रावर अनेक विद्यार्थी बसविण्याचा उपक्रम आंध्र प्रदेशाने २००८ च्या सुमारास एनकम्प्युटिंगच्या लहान पेट्या घेऊन पाच हजार शाळांत केला होता, आणि केरळने आपल्या शाळांतील संगणकशिक्षण मुक्त प्रणालींवर उभे करून दाखविले आहे. महाराष्ट्राला यांतील कोणतीही गोष्ट नव्याने शोधावयाची नाही.

मुक्त प्रणालीचा आग्रह मी धरतो त्यास अलीकडील एक सबळ कारण आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून सर्व व्यवहार वर्गणीवर आणला. एकदा पैसे भरून वस्तू आपली झाली, या हिशेबावर ज्यांनी आपली सर्व मांडणी रचली होती त्यांना नवा विचार करणे भाग पडले. मोठी कंपनी असा फेरफार सोसू शकते. वेतनेतर अनुदानाची वाट पाहणारी शाळा तो सोसू शकत नाही.

विजेचा प्रश्न खरा आहे, परंतु जुने संगणक निकामी होत जातील तसतसे त्यांच्या जागी कमी विजेचे पडदे बसविले, तर वीस संगणकांना तासभर जगविण्यापेक्षा एका सर्व्हरला आणि वीस मंद पडद्यांना जगविणे सोपे आहे, आणि शाळेच्या छपरावर सौरपट्ट असेल तर दिवसाची गरज बरीचशी तेथेच भागते. त्याहून कठीण प्रश्न माणसाचा आहे. केंद्राची शाळांतील संगणकशिक्षणाची योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात ती मक्तेदार कंपन्यांमार्फत ठरावीक मुदतीच्या करारांनी राबविली गेली, मुदत संपली की यंत्रे शाळेकडे आली आणि ती चालविणारा संगणक निदेशक मात्र घरी गेला. या निदेशकांनी आपल्या नोकऱ्यांसाठी आंदोलने केली. ज्या तरुणांना शाळा, मुले आणि यंत्रे या तिन्हींचा अनुभव होता, त्यांना दूर सारून उरलेल्या यंत्रांकडून फळाची अपेक्षा करणे व्यर्थ होते. आभासीकरणामुळे एका गोष्टीत येथे साह्य होते: प्रत्येक शाळेला पूर्णवेळ जाणकार लागत नाही. सिंदखेड राजा येथे बसलेला एक तंत्रज्ञ तालुक्यातील दहा-पंधरा शाळांच्या सर्व्हरांची देखरेख आपल्या मेजावरून करू शकतो, नवी मूळ प्रत एकदा सिद्ध करून सर्वांना पाठवू शकतो, आणि प्रत्यक्ष जाण्याचा प्रसंग यंत्राचा एखादा भाग निकामी झाला तरच येतो. अशा पदासाठी माणसे शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही. शेगावला संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे, आणि जिल्ह्यातील पदवीधरांना जिल्ह्यात राहण्याजोगे काम हवेच आहे.

शाळा सुटल्यावर तो सर्व्हर बंद ठेवू नये. सायंकाळी तेथेच औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या विद्यार्थ्याला आरेखनाचे यंत्र मिळावे, स्पर्धापरीक्षेच्या संगणकीकृत चाचणीचा सराव करू इच्छिणाऱ्या मुलीला परीक्षेसारखाच पडदा मिळावा, आणि पुण्याच्या कंपनीचे काम गावातून करणाऱ्याला बसण्यास एक शांत, अखंड विजेची जागा मिळावी. या तिघांची यंत्रे एकाच पेटीत असूनही परस्परांस अदृश्य राहतील. शाळेच्या निकालपत्रकांपर्यंत त्यांतील कोणीही पोहोचू शकणार नाही.

शाळा समित्यांनी आणि पंचायत समितीने करार करताना मात्र एक कलम डोळ्यांत तेल घालून लिहून घ्यावे. सर्व्हर कोणत्याही पुरवठादाराकडून येवो, त्याच्या हायपरव्हायजरचा मुख्य परवलीचा शब्द पहिल्या दिवसापासून मुख्याध्यापकांच्या मोहोरबंद लिफाफ्यात आणि तालुक्याच्या तंत्रज्ञापाशी असला पाहिजे, मूळ प्रतींची एक नक्कल शाळेच्या ताब्यातील स्वतंत्र डिस्कवर दर महिन्यास उतरली पाहिजे, आणि कराराची मुदत संपल्यावर त्या दोहोंवर पुरवठादाराचा कोणताही हक्क उरू नये.